हंडा सापडला असेल!

मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात, पात्स्क्वारो तलावाच्या काठी, त्सिन्त्सुन्त्सान नावाचं कुंभारांचं गाव आहे. जॉर्ज फॉस्टर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने या गावाचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. कालपरवापर्यंत इतरांसारखंच हातावर पोट असलेला एखादा माणूस बरे दिवस पाहू लागला, की गाव त्याचं कारण सांगून मोकळं होई: याला पुरलेलं धन सापडलंय. हंडा सापडला असेल, असं आपणही म्हणतो, पण थट्टेत. तिथे ते खरोखरचं स्पष्टीकरण होतं.

फॉस्टर यांनी 1965 साली यावर एक निबंध लिहिला. पुढे त्यावर बराच वाद झडला, पण मूळ कल्पना अजून टिकून आहे. जमीन, पैसा, मान, अगदी तब्येतसुद्धा जगात ठरावीक मापातच आहे, असं अशा गावांतली माणसं धरून चालतात. एकाच आखूड पांघरुणात सगळे झोपलेले. कुणी आपल्याकडे ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे पडणारच. मग एखाद्याची भरभराट झाली तर पहिला प्रश्न येतो, हे कुणाच्या वाट्याचं ओढलं? गुप्तधनाची गोष्ट इथे कामी येते. हंडा जमिनीखालून आलेला असतो, कुणाच्या ताटातून नाही. म्हणजे तो माणूस श्रीमंतही झाला आणि निर्दोषही सुटला.

ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. ज्या गावात जमीन वाढत नाही, मडकी घडवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे आणि गिऱ्हाईकही तेच आहे, तिथे एकाचं वाढलं तर दुसऱ्याचं घटतं, हे गणित बरोबरच आहे. समज चुकीची नव्हती, परिस्थितीच तशी होती.

उद्योजकता समाजात नेमकं काय बदलते, असं विचारलं तर बहुतेक जण धाडस, मेहनत, स्वावलंबन असे शब्द सांगतील. मला वाटतं, त्याआधी एक साधी गोष्ट बदलते. ‘त्याच्याकडे पैसा आला कुठून?’ या प्रश्नाचं शेजारपाजारच्यांनी दिलेलं उत्तर बदलतं. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

विकासाच्या चर्चेत क्रम सहसा उलटा लावलेला असतो. आधी लोकांची मानसिकता बदला, मग उद्योग उभे राहतील. 1960च्या दशकात हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड याच विचाराने आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याला पोहोचले होते. काहीतरी करून दाखवण्याची आस माणसात जागवता येते आणि तिच्यातून धंदे वाढतात, हे त्यांना तिथल्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन तपासायचं होतं. त्यांचं सगळंच चुकलं असं नाही, आणि शेवटाकडे आपण त्यांच्या वाटेवर परत येणार आहोत. पण शिकवल्यापेक्षा दाखवल्याचा परिणाम किती मोठा असतो, हे पाहायला बांगलादेशात जावं लागतं.

एकशेतीस माणसं

1970च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेश हा नुकताच युद्धातून आणि दुष्काळातून गेलेला देश होता. तयार कपड्यांची निर्यात जवळजवळ नव्हतीच. त्याच वेळी दक्षिण कोरियातल्या कंपन्यांना वेगळीच अडचण होती. 1974च्या आंतरराष्ट्रीय कापड करारानुसार श्रीमंत देशांनी प्रत्येक देशाकडून किती कपडे घ्यायचे यावर कोटा घातला होता आणि कोरियाला तो अपुरा पडत होता. बांगलादेशाचा कोटा रिकामा होता. कोरियाच्या देवू कंपनीने नुरुल कादेर या माजी सनदी अधिकाऱ्याच्या ‘देश गारमेंट’ कंपनीशी करार केला आणि 1979 साली तिथली 130 माणसं शिकायला बुसानच्या कारखान्यात गेली. परत आल्यावर 1980 साली चितगावला कारखाना सुरू झाला.

पुढच्या काही वर्षांत त्या 130 पैकी 115 जणांनी ‘देश’ सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात गेलं. ‘देश’ कंपनीचं यात नुकसान झालं, देशाचं नाही. आज बांगलादेशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त आहे.

शिवणकाम तर चितगावात आधीही येत होतं. बुसानहून ही माणसं रीत घेऊन आली. ऑर्डर कशी मिळते, माल कुठल्या तारखेला बंदरावर हवा, किती शर्ट नापास झाले तर गिऱ्हाईक तुटतं, बँकेपुढे कुठला कागद ठेवायचा. त्यातला एक कागद फार महत्त्वाचा होता. परदेशी खरेदीदाराने उघडलेलं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल पाठवला की पैसे मिळतील ही बँकेची लेखी हमी, दाखवायचं आणि त्याच्या जोरावर आपल्या बँकेकडून कापड आणण्यासाठी दुसरं लेटर ऑफ क्रेडिट उघडून घ्यायचं. म्हणजे स्वतःच्या खिशात कापडाचे पैसे नसतानाही धंदा सुरू करता येत होता. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयात शुल्क लागणार नाही, अशी गोदामांची सोयही झाली. भांडवलदाराच्या घरी जन्माला यावं लागतं, ही समजूत या दोन सोयींनी जितकी खिळखिळी केली तितकी कुठल्या भाषणाने केली नसती.

आता शेजाऱ्याच्या नजरेने बघा. कालपर्यंत आपल्याबरोबर काम करणाऱ्या माणसाचा कारखाना उभा राहतो. हंडा सापडला म्हणावं, तर तो बुसानला गेला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं ओरबाडलं म्हणावं, तर पैसे देणारा गिऱ्हाईक समुद्रापलीकडचा आहे. पांघरूण ओढलं गेलेलं नाही, ते लांब झालंय. आणि कसं लांब झालं हे त्या माणसाला विचारताही येतं. विचारता येणं हे मला इथे निर्णायक वाटतं. दूरच्या शहरातल्या अब्जाधीशाची कहाणी टाळ्या मिळवते, अनुकरण क्वचितच करवते. आपल्याएवढंच शिकलेल्या, आपल्यासारखंच बोलणाऱ्या माणसाने केलेलं मात्र झोप उडवतं.

हा बदल कारखान्याच्या दाराशी थांबला नाही. रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी 2015 साली दाखवलं, की कपड्यांचे कारखाने जवळ असलेल्या गावांमध्ये मुलींची लग्नं उशिरा होऊ लागली आणि त्या जास्त वर्षं शाळेत राहू लागल्या. आकडे मोजता येण्याचा, लिहिता-वाचता येण्याचा पगारात मोबदला मिळतो हे आईबापांना दिसत होतं. शिक्षणाचं महत्त्व त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं असं थोडंच आहे!

बियांची परीक्षा

लोकांच्या नजरेबरोबर सरकारचीही नजर बदलावी लागते. चीनमधली एक कहाणी या बाबतीत गमतीची आहे. आन्हुई प्रांतातल्या वूहू शहरात न्यान ग्वांगज्यू नावाचा जेमतेम अक्षरओळख असलेला विक्रेता होता. तो भाजलेल्या कलिंगडाच्या बिया विके. आपल्या मालाला त्याने नाव दिलं होतं ‘येड्याच्या बिया’. आर्थिक सुधारणा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि वैयक्तिक धंद्याला मुभा होती, पण एक अट होती: मजूर सातपर्यंत चालतील. आठवा ठेवला की मालक शोषक ठरणार. आठाची ही रेषा मार्क्सच्या लिखाणातल्या एका उदाहरणावरून काढलेली होती.

येड्याच्या बिया तुफान खपू लागल्या आणि मजूर सातावरून कधीच पुढे गेले. मग वाद पेटला. याला समाजवादी देशात राहू द्यायचं का? प्रकरण थेट चीनचे सर्वोच्च नेते तंग श्यावफिंग (डेंग झियाओपिंग) यांच्यापर्यंत गेलं. 1984 साली त्यांनी सांगितलं, थोडे दिवस असंच चालू द्या, बघू काय होतं. एका बियाविक्याला हात लावला तर धोरण बदललं म्हणून सगळे धास्तावतील, हे त्यांनी ओळखलं होतं. 1988 साली चीनच्या राज्यघटनेत खासगी उद्योगाला जागा मिळाली. न्यान यांची वाट त्यानंतरही सरळ नव्हती. ते तुरुंगात गेले आणि 1992 साली सुटले. त्याच वर्षी तंग यांनी आपल्या गाजलेल्या दक्षिण दौऱ्यात पुन्हा त्यांचा दाखला दिला होता.

या बियांकडे देशभरचे छोटे धंदेवाले हवामानाचा अंदाज बघावा तसे बघत होते. ‘धंदा करणं चांगलं की वाईट’ हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, उद्या हे काढून घेतील का? ज्याला उद्याची खात्री नाही तो पुढच्या दहा वर्षांचा विचार करत नाही, आलेला पैसा लपवतो नाहीतर उडवतो. बाहेरून बघणारा मग म्हणतो, इथल्या लोकांना दूरदृष्टीच नाही.

गल्ल्यातला पैसा आणि घरातला पैसा

आता या विषयातला मला सर्वांत दुर्लक्षित वाटणारा भाग. नात्यागोत्याचा.

ज्या देशांत विमा नाही, पेन्शन नाही, दवाखान्याचा खर्च झेपत नाही, तिथे नातलग हीच बँक आणि नातलग हाच विमा. आज तुझं आजारपण मी निभावतो, उद्या माझ्या मुलाची फी तू भर. या व्यवस्थेने असंख्य माणसांना तारलेलं आहे, त्यामुळे तिला मागासलेली म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. पण तिचा एक अलिखित नियम असा, की ज्याच्याकडे आहे त्याने नाही म्हणायचं नाही.

धंदा सुरू केलेल्या माणसाची इथे कोंडी होते. गल्ल्यात पैसे दिसतात, पण ते खर्चायचे नसतात. उद्याचा माल त्यातूनच यायचा असतो. मागायला आलेल्या मामाला मात्र ते पैसेच दिसतात, भांडवल दिसत नाही. पामेला जॅकिएला आणि ओवेन ओझियर यांनी केनियातल्या खेड्यांमध्ये एक प्रयोग केला. लोकांना थोडी रक्कम दिली आणि ती जपून ठेवायची की जोखमीच्या पण फायद्याच्या पर्यायात लावायची हे त्यांच्यावर सोडलं. काहींची कमाई सर्वांना कळणार होती, काहींची गुप्त राहणार होती. ज्या बायकांचे नातलग तिथे हजर होते, त्यांनी कमाई उघड होऊ नये म्हणून चक्क कमी फायद्याचा पर्याय घेतला. नात्याचा हा एक करच झाला, आणि तो चुकवायला त्या स्वतःचं उत्पन्न कमी करून घेत होत्या.

पश्चिम केनियातच पास्कालिन दुपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी छोट्या विक्रेत्यांना गावच्या बँकेत बचत खाती उघडून दिली. व्याज शून्य, वर पैसे काढताना शुल्क. असल्या खात्यात कोण पैसे ठेवेल? बाजारात बसणाऱ्या बायकांनी ठेवले, आणि धंद्यात त्यांची गुंतवणूकही लक्षणीय वाढली. त्यांना व्याज नको होतं, ‘आत्ता हातात नाहीत’ असं खरेपणाने सांगता यावं एवढंच हवं होतं, असं या निकालाकडे बघून मला वाटतं. पैसा आणि भांडवल यांतला फरक त्या जाणूनच होत्या. तो फरक घरच्यांपुढे न भांडता टिकवण्याची सोय त्यांना मिळाली.

नातं तोडूनच धंदा होतो असंही नाही. 2007 साली केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा आली आणि उलटंच घडलं. लांबचा भाऊ अडचणीच्या दिवशी मिनिटांत मदत पाठवू शकायला लागला. नात्याचा विमा विस्तारला, तशी जोखीम घेण्याची हिंमतही वाढली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या 2016च्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातली सुमारे 1,94,000 कुटुंबं दारिद्र्यातून वर आली आणि सुमारे 1,85,000 स्त्रिया शेतीतून धंद्याकडे वळल्या.

सगळेच उद्योजक नसतात

इथवर वाचून असं वाटेल, की गरीब देशातल्या प्रत्येकाच्या हाती थोडं भांडवल दिलं की काम झालं. हा उत्साह जगाने करून पाहिला आहे. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांत सूक्ष्मकर्जावर काळजीपूर्वक केलेले प्रयोग 2015 साली एकत्र प्रसिद्ध झाले. निष्कर्ष कोमट होता. कर्जाने काहींना सोय झाली, धंद्यांना थोडा हात मिळाला, पण सरासरी माणसाचं आयुष्य पालटलं नाही. कारण उघड आहे. नोकरी मिळत नाही म्हणून टोपली घेऊन बसलेल्या माणसाला उद्योजक म्हणणं ही आपली हौस आहे. महिन्याच्या महिन्याला खात्रीचा पगार मिळाला तर त्यातले पुष्कळ जण आनंदाने टोपली खाली ठेवतील.

इथिओपियातला एक प्रयोग मात्र या माझ्या विधानालाही टाचणी लावतो. क्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डेरकॉन यांनी कारखान्यात अर्ज केलेल्या सुमारे हजार तरुण-तरुणींपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून नोकरी दिली, तर काहींना सुमारे 300 डॉलर आणि धंद्याचं प्रशिक्षण. नोकरीवाल्यांपैकी बहुतेकांनी वर्षभरात कारखाना सोडला. काम कष्टाचं आणि तब्येतीला घातक होतं, पगारही तुटपुंजा. धंदेवाल्यांची कमाई, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, पहिल्या वर्षी तिसऱ्या हिश्शाने जास्त होती. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा सगळे जवळपास एकाच पातळीवर आले होते. धंद्याचा अनुभव माणसाला एकदा बदलतो आणि मग तो बदललेलाच राहतो, अशी सरळ रेष कुठे दिसत नाही.

श्रीमंतीचं उत्तर ‘हंडा’वरून हटलं म्हणजे ते चांगल्याच दिशेने जातं, असंही नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी 1990 साली मांडलेला मुद्दा इथे उपयोगी पडतो. हुशार, खटपटी माणसं प्रत्येक समाजात असतात. ती नवं काही बनवतील की सरकारी परवाने, मक्तेदारी आणि सवलती पदरात पाडून घेण्यात हुशारी खर्च करतील, हे त्या समाजातले नियम ठरवतात. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो यांच्या चमूने लिमा शहरात एक छोटा शिवणकारखाना कायदेशीरपणे नोंदवून पाहिला, तेव्हा सगळे कागद पुरे व्हायला 289 दिवस लागले. अशा ठिकाणी जो मोठा होतो त्याच्याकडे बघून पोरं काय शिकतील? ‘त्याच्याकडे पैसा आला कुठून?’ याचं उत्तर तिथे ‘वरपर्यंत ओळख आहे’ असं असतं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. उद्योजकांबद्दलचा राग म्हणजे प्रत्येक वेळी मत्सर नव्हे.

हा राग लगेच येत नाही, हे अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1973 साली एका दाखल्याने सुरेख समजावलं होतं. बोगद्यात दोन रांगांत गाड्या अडकल्या आहेत. शेजारची रांग हलू लागते. आपण हललेलो नसतो, तरी बरं वाटतं, कारण आता आपलीही पाळी येणार. पण ती रांग धावतच राहिली आणि आपली जागची हललीच नाही, तर थोड्या वेळाने तेच दृश्य संताप आणतं. मग माणसं मधली रेघ ओलांडायला कमी करत नाहीत. विकसनशील देशात पहिल्या फळीचे उद्योजक वर येतात तेव्हा समाज त्यांच्याकडे कौतुकाने बघतो, त्यात हीच आशा असते. तिला मुदत असते.

शिकवता येतं का?

मॅक्लेलंडच्या प्रश्नाकडे परत येऊ. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोमध्ये छोट्या धंद्यांच्या 1,500 मालकांवर झालेल्या एका प्रयोगाचे निकाल 2017 साली आले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, म्हणजे हिशेब, विपणन, पैशांचं नियोजन. दुसऱ्या गटाला मिखाएल फ्रेजे या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने पुढाकार घ्यायला शिकवलं. कुणी सांगायची वाट न पाहता सुरुवात करणं, पुढचं बघून ठेवणं, अडचण आली तरी चिकटून राहणं आणि इतरांपेक्षा वेगळं काही करणं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. दोनेक वर्षांत पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटाच्या तुलनेत 30 टक्क्यांनी वाढला. हिशेबवाल्यांचा 11 टक्के, तोही संख्याशास्त्राच्या दृष्टीने खात्रीचा नाही. म्हणजे वृत्ती शिकवता येते. फक्त हे लक्षात ठेवायला हवं, की शिकणारे आधीच धंद्यात होते. शिकलेलं दुसऱ्या दिवशी वापरून बघायला त्यांच्याकडे गिऱ्हाईक होतं.

या सगळ्यात मला सर्वांत चक्रावून टाकणारा पुरावा उद्योजकांचा नाही, त्यांच्या एक पाऊल अलीकडच्या माणसांचा आहे. 1981 साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सजवळ सान फ्रान्सिस्को सोलानो इथे सुमारे 1,800 भूमिहीन कुटुंबांनी पडीक जमीन सरकारी समजून तिच्यावर घरं बांधली. ती निघाली खासगी मालकांची. पुढे सरकारने मालकांना भरपाई देऊन जमीन रहिवाशांच्या नावावर करायचं ठरवलं. काही मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे लागून असलेल्या घरांपैकी काहींना मालकीचा कागद मिळाला, काहींना नाही. यात रहिवाशांचं कर्तृत्व शून्य होतं. कुणाच्या पायाखालची जमीन कुठल्या मालकाची, एवढ्यावर सगळं ठरलं.

राफाएल दी तेया, सेबास्तियान गालियानी आणि एर्नेस्तो शारग्रोड्स्की यांनी अनेक वर्षांनी दोन्हींकडच्या लोकांना तेच प्रश्न विचारले. सुखासाठी पैसा महत्त्वाचा आहे का? इतरांवर विश्वास ठेवता येतो का? मोठ्या गटाच्या आधाराशिवाय माणूस एकट्याच्या बळावर यशस्वी होऊ शकतो का? कागद मिळालेल्यांची उत्तरं बाजारावर भिस्त ठेवणाऱ्या माणसासारखी होती. शेजारच्या, तितक्याच गरीब, कागद न मिळालेल्या घरांची तशी नव्हती. पहिल्या घरांना खरोखरच एक हंडा सापडला होता, आणि माणूस स्वतःच्या बळावर पुढे जातो असं सांगणारेही तेच होते.